‘पुन्हा सांगा’ म्हणायची मुभा

१९ फेब्रुवारी १९८९. फ्लाइंग टायगर कंपनीचं एक मालवाहू बोइंग ७४७ सिंगापूरहून क्वालालंपूरच्या सुबांग विमानतळावर उतरायला येत होतं. नियंत्रकाने आदेश दिला, ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो.’ त्याला म्हणायचं होतं, दोन हजार चारशे फुटांवर या. कॉकपिटमध्ये अर्थ लागला, चारशे फुटांपर्यंत या. कॅप्टनने उत्तर दिलं, ‘ओके, फोर झिरो झिरो.’ ते उत्तर रेडिओवर गेलं, नियंत्रकाने त्याला हरकत घेतली नाही आणि विमान खाली येत राहिलं. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र कॉकपिटमध्ये वाजत होतं, तरी उतरणं थांबलं नाही. समुद्रसपाटीपासून ४३७ फुटांवर विमान टेकडीला धडकलं. आत चार माणसं होती. चौघंही गेली.

वर मी तो आदेश देवनागरीत लिहिला आणि त्यातली गोम आपोआप उघडी पडली. इंग्रजीत ‘दोन’ या अर्थाचा टू आणि ‘पर्यंत’ या अर्थाचा टू यांची स्पेलिंग वेगळी, म्हणून कागदावर वाचणाऱ्याची फसगत होत नाही. आपली लिपी मात्र कानाला जे ऐकू येतं तेच लिहिते, आणि कानाला या दोन शब्दांत काडीचाही फरक कळत नाही. रेडिओवर बोलणाऱ्याकडे स्पेलिंग नसतं. त्याच्याकडे आवाज असतो, तोही खरखरणारा, घाईतला, आणि बहुतेक वेळा बोलणाऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या मातृभाषेतला नसलेला.

चूक कुणाची, हा प्रश्न अशा वेळी लगेच येतो. नियंत्रकाने ठरलेल्या पद्धतीने ‘टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’ म्हणायला हवं होतं. इतक्या खाली यायला सांगतायत म्हटल्यावर वैमानिकांच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. चुकीचं उत्तर आल्यावर नियंत्रकाने ते पकडायला हवं होतं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण उंचीच्या आदेशातल्या गोंधळाचे अपघात एकापाठोपाठ एक वाचत गेलं की मला दर वेळी एकाच जागी अडखळायला होतं. चूक ऐकण्यात होते हे खरं, पण माणसं मरतात ती त्यानंतरच्या गप्प बसण्यामुळे. कुणाला तरी शंका आलेली असते, किंवा यायला जागा असते, आणि ती शंका रेडिओच्या बटणापर्यंत पोहोचत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की विमान कंपन्या, नियंत्रण कक्ष, नियामक आणि न्यायालयं या सगळ्यांनी मिळून एका गोष्टीची राखण केली पाहिजे: ‘पुन्हा सांगा’ म्हणणाऱ्याला आणि ‘माझं चुकलं’ म्हणणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागता कामा नये.

हे भाबडं वाटेल. आधी काम कसं चालतं ते पाहू.

नियंत्रक उंची सांगतो. दोन वैमानिकांपैकी एक विमान चालवत असतो, दुसरा रेडिओ सांभाळतो. रेडिओ सांभाळणारा आदेश जसाच्या तसा परत म्हणून दाखवतो. याला रीडबॅक म्हणतात, आणि उंचीच्या बाबतीत तो सक्तीचा आहे. समोरच्या पट्टीवर उंचीची एक छोटी खिडकी असते, तिच्याखाली गोल खटका. तो फिरवला की आकडे शंभराच्या नाही तर हजाराच्या पावलांनी बदलतात. एकाने आकडा लावायचा, दुसऱ्याने त्या खिडकीकडे बोट दाखवून तो मोठ्याने वाचायचा. पुष्कळ कंपन्यांमध्ये बोट दाखवणं हीच पद्धत आहे आणि मला ती फार आवडते, कारण नुसतं ‘हो हो’ म्हणता येतं, पण बोट न्यायचं तर नजरही तिथे न्यावी लागते. यानंतर ऑटोपायलट त्या आकड्याकडे निघतो. ठरलेल्या उंचीला हजार फूट उरले की पुन्हा एकदा पुकारा होतो. तिकडे नियंत्रकाने रीडबॅक कान देऊन ऐकायचा असतो आणि चुकला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचा असतो.

म्हणजे एका आकड्यावर किमान तीन माणसांचे कान आणि दोन माणसांचे डोळे. एवढं असूनही आकडे चुकतात, आणि त्याचं कारण निष्काळजीपणात शोधू नये. माणसाचा कान टेपरेकॉर्डरसारखं ऐकत नाही. काय ऐकू येणार याचा अंदाज मनात आधीच असतो आणि कान त्या अंदाजाला जुळेल ते उचलतो. रोज याच वाटेवर याच ठिकाणी अकरा हजार फूट मिळत असतील, तर आज ‘वन झिरो थाउजंड’ म्हटलं तरी ‘वन वन थाउजंड’ ऐकू येतं. दहा हजार आणि अकरा हजार ही जोडी तर अमेरिकेत वैमानिकांनी स्वतःहून कळवलेल्या उंचीच्या चुकांमध्ये इतकी ठळक दिसली, की तिच्यावर वेगळं लिहिलं गेलं, आणि असे आकडे ‘टेन’, ‘इलेव्हन’ असे जोडूनही म्हणायला नियंत्रकांना मोकळीक मिळाली. आपल्याला हे परकं नाही. फोनवर कुणी एकोणसाठ सांगितलं की आपण विचारतोच, पाच-नऊ की सहा-नऊ? एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांच्यात कुणाचाही कान कधीतरी घसरतो. आपण विचारतो, समोरचा सांगतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

त्या कॉकपिटमध्ये आकडेही एका प्रकारचे नसतात. उंची, दिशा, वेग, रेडिओची फ्रिक्वेन्सी, हवेचा दाब, विमानाचा स्वतःचा क्रमांक, सगळे आकडेच. ‘टू फोर झिरो’ ही दिशा असू शकते, वेग असू शकतो, आणि चोवीस हजार फुटांची फ्लाइट लेव्हलही असू शकते. हवेच्या दाबाचं तर आणखी अवघड, कारण उंचीमापक त्या आकड्यावरच लावायचा असतो. काही देशांत तो हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, काही देशांत इंचांत. ‘नाइन नाइन टू’ याचा अर्थ ९९२ हेक्टोपास्कल, पण इंचांची सवय असलेल्या माणसाला तोच २९.९२ वाटू शकतो. तसं झालं तर उंचीमापक खऱ्यापेक्षा जवळजवळ सहाशे फूट जास्त उंची दाखवतो. खिडकीत आकडा बरोबर, रीडबॅक बरोबर, आणि विमान मात्र सगळ्यांच्या समजुतीपेक्षा सहाशे फूट खाली.

विमानांमध्ये वरखाली अंतर सहसा हजार फुटांचं राखलं जातं. मिनिटाला दोन हजार फूट चढणाऱ्या विमानाला ते ओलांडायला अर्धा मिनिट पुरतो. समोरासमोर येणारी दोन जेट विमानं ताशी आठशे किलोमीटरच्या वेगात असतील, तर त्यांच्यातलं वीस किलोमीटरचं अंतर ४५ सेकंदांत संपतं. ‘पुन्हा सांगा’ म्हणायला आणि उत्तर ऐकायला पाच-सहा सेकंद लागतात. हिशेब इतका साधा आहे.

मग माणसं विचारत का नाहीत?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण १ डिसेंबर १९७४ चं आहे. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं फ्लाइट ५१४ वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत होतं. धावपट्टी अजून ४४ मैलांवर असताना नियंत्रकाने ‘क्लिअर्ड फॉर अप्रोच’ म्हटलं, म्हणजे उतरण्याच्या मार्गाला लागायची परवानगी दिली. किती उंचीवर राहायचं हे सांगितलं नाही. वैमानिकांनी अर्थ लावला की आता १,८०० फुटांपर्यंत जाता येईल. नियंत्रकांच्या लेखी अर्थ असा की नकाशात दिलेली उंची वैमानिकाने स्वतः पाळायची. आणि कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणातून कळतं की कॅप्टनला नकाशावरचा ३,४०० फुटांचा आकडा दिसला होता. तो त्याने बोलूनही दाखवला. आपसांत चर्चा झाली आणि निष्कर्ष निघाला की ज्या अर्थी परवानगी मिळाली आहे त्या अर्थी खाली जायला हरकत नाही. सुमारे १,६७० फुटांवर विमान व्हर्जिनियातल्या माउंट वेदरला धडकलं. ९२ माणसं गेली.

शंका नेमकी होती, वेळेवर होती, आणि ज्याला तिचं उत्तर ठाऊक होतं तो रेडिओच्या पलीकडे बसलेला होता. ती शंका कॉकपिटमध्येच मिटवली गेली. चौकशी करणाऱ्या मंडळातही या शब्दांच्या अर्थावरून एकमत झालं नाही. सदस्य तीन विरुद्ध दोन असे विभागले गेले. तज्ज्ञांना अपघातानंतर सवडीने बसून ज्या शब्दांचा एक अर्थ लावता येत नाही, तो धुक्यात, वाऱ्यात, उतरत्या विमानात बसलेल्यांनी अंदाजाने बरोबर लावावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. पुढे अमेरिकेत नियम बदलला: विमान नकाशावर छापलेल्या मार्गाला लागेपर्यंत कोणती उंची राखायची हे नियंत्रकाने स्पष्ट सांगायचं.

न विचारण्याची कारणं माणसांच्या स्वभावात आहेत, आणि व्यवस्थेतही. फ्रिक्वेन्सी एकच असते आणि तिच्यावर वीस विमानं बोलत असतात. मध्ये एक सेकंदाची फट सापडली तर त्यात ‘मला कळलं नाही’ म्हणायचं जिवावर येतं. नियंत्रकाचा सूर त्रासलेला असेल तर आणखीच. को-पायलट नवखा असेल आणि कॅप्टनची सेवा वीस वर्षांची, तर ‘मी वेगळं ऐकलं’ हे तीन शब्द घशात अडकतात. आणि परकी भाषा असली की दुहेरी भीती: आपल्याला समजलं नाही, की आपली भाषाच कच्ची आहे?

१२ नोव्हेंबर १९९६ ला दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि दिल्लीला येणारं कझाकस्तानचं इल्युशिन ७६ चरखी दादरीच्या आकाशात एकमेकांवर आदळलं. ३४९ माणसं गेली. हवेत दोन विमानांची टक्कर होऊन इतका मोठा संहार जगात दुसरीकडे कुठे झालेला नाही. सौदी विमानाला १४,००० फुटांपर्यंत चढायची परवानगी होती, कझाक विमानाला १५,००० पर्यंत उतरायची. ते त्याखाली गेलं. त्या विमानात नियंत्रकाशी बोलण्याचं काम रेडिओ ऑपरेटरकडे होतं, आणि त्याच्या जागी स्वतःचा उंचीमापक नव्हता. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून पाहावं लागे. म्हणजे आदेश ज्याच्या कानी पडला त्याच्या डोळ्यांपुढे उंची नाही, आणि ज्यांच्या हाती विमान आहे त्यांच्यापर्यंत आदेश एक पायरी ओलांडून पोहोचणार. १५० वर, म्हणजे १५,००० फुटांवर राहा, उतरू नका, असं तो रेडिओ ऑपरेटर आपल्या माणसांना म्हणाला, पण ते अगदी शेवटच्या क्षणांत. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने कझाक वैमानिकांचं कच्चं इंग्रजी हे मुख्य कारणांत धरलं. ते बरोबरच आहे. तरीही त्या अहवालातली मला सर्वाधिक खटकणारी गोष्ट दिल्लीच्या नियंत्रकापुढच्या पडद्याची आहे. विमानाची उंची दाखवणारं दुय्यम रडार तेव्हा तिथे चालू नव्हतं. विमान १५,००० वर आहे हे नियंत्रकाला विमानातून आलेल्या शब्दांवरूनच मानावं लागत होतं. ऐकणं चुकलं तर पाहून सावरायची सोय नव्हती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना मार्गही एकच होता.

अशा अपघातांनंतर भाषेची परीक्षा आली हे चांगलं झालं. आयकाओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, परदेशी उड्डाणं करणारे वैमानिक आणि त्यांच्याशी बोलणारे नियंत्रक यांच्यासाठी सहा पायऱ्यांची मोजपट्टी केली आणि किमान चौथी पायरी बंधनकारक केली. २००८ पासून ती लागू झाली. पण या परीक्षेमुळे एक समज घट्ट झाला की दोष परकी भाषा बोलणाऱ्याचाच असतो. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांना सर्वांत वरची पायरी जवळजवळ जन्मानेच मिळते, आणि नेमकी तीच माणसं रेडिओवर ठरलेली भाषा सोडून घरच्यासारखं बोलतात. सहा हजारांवरून चार हजारांकडे उतरतोय हे ‘आउट ऑफ सिक्स फॉर फोर’ असं सांगणाऱ्याला आपलं बोलणं सफाईदार वाटतं; ऐकणाऱ्याच्या कानी एक ‘फॉर’ आणि एक ‘फोर’ पडतो आणि त्याने त्यातून काय ते शोधायचं. पस्तीसशे फुटांना ‘थ्री पॉइंट फाइव्ह’ म्हणणारेही त्यांच्यातच सापडतात. भाषा येणं वेगळं आणि समोरच्याला समजेल असं बोलणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीचीही परीक्षा व्हायला हवी, आणि ती मातृभाषा इंग्रजी असलेल्यांची आधी व्हायला हवी.

आता शिक्षेबद्दल. ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो हाच.

१० सप्टेंबर १९७६ ला तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या झाग्रेबच्या आकाशात ब्रिटिश एअरवेजचं ट्रायडंट ३३,००० फुटांवरून इस्तंबूलकडे चाललं होतं. स्प्लिटहून निघालेलं युगोस्लाव्ह डीसी-९ त्याची वाट ओलांडणाऱ्या मार्गावर वर चढत होतं. नियंत्रकाच्या लक्षात धोका आला तेव्हा वेळ संपत आली होती. त्याने इंग्रजी सोडून सर्बोक्रोएशियनमध्ये डीसी-९ ला सांगितलं की आहात त्या उंचीवरच थांबा. वैमानिकाने विचारलं, ‘कुठली उंची?’ आत्ता जिथून चढताय तीच, असं उत्तर मिळालं. नियंत्रकाच्या समजुतीप्रमाणे दुसरं विमान ३३,५०० वर होतं. डीसी-९ आज्ञा पाळून बरोबर ३३,००० वर थांबलं. चढत राहिलं असतं तर कदाचित निसटलं असतं. १७६ माणसं गेली.

इथे प्रश्न विचारला गेला होता, तोही अगदी योग्य प्रश्न. पण तो उशिरा आला, आणि ज्यांचा जीव त्यावर अवलंबून होता त्या ट्रायडंटच्या वैमानिकांना न समजणाऱ्या भाषेत आला. त्या नियंत्रण कक्षात माणसं कमी होती, कामाचा ताण मोठा होता, जबाबदारी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नीट सोपवली गेली नव्हती. तुरुंगात मात्र एकटा नियंत्रक गेला. सात वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या व्यवसायबंधूंनी त्याच्यासाठी अर्ज केले, आणि १९७८ मध्ये त्याची सुटका झाली.

तो काळ जुना म्हणावा, तर २००१ चं जपान घ्या. ३१ जानेवारीला जपान एअरलाइन्सची ९०७ आणि ९५८ अशी दोन उड्डाणं एकमेकांच्या वाटेत आली. शिकाऊ नियंत्रकाला ९५८ ला खाली उतरवायचं होतं. तोंडून ९०७ निघालं. देखरेखीला बसलेल्या नियंत्रकाच्याही ते ध्यानात आलं नाही. विमानातल्या टक्कर टाळणाऱ्या यंत्राने, टीकॅसने, ९०७ ला वर जायला सांगितलं, पण नियंत्रकाच्या आदेशानुसार विमान उतरत राहिलं. दोन्ही विमानांत मिळून ६७७ माणसं होती. कॅप्टनने अखेरच्या क्षणी विमान खाली ढकललं आणि ती सगळी वाचली. ९०७ मधले जवळजवळ शंभर जण जखमी झाले. दोन्ही नियंत्रकांवर फौजदारी खटला चालला, आणि २०१० मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची दोषसिद्धी कायम ठेवली.

जखमी झालेल्यांची बाजू मला समजते. जबाबदार कोण हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण तोंडून ९५८ ऐवजी ९०७ निघणं या चुकीला तुरुंगाच्या भीतीने आळा कसा बसणार? ती चूक कुणी ठरवून करत नाही, म्हणून धाक दाखवून ती थांबतही नाही. धाकामुळे थांबतं ते दुसरंच. उद्या एखाद्या नियंत्रकाने असाच क्रमांक चुकवला, सुदैवाने आसपास दुसरं विमान नव्हतं आणि कुणालाच कळलं नाही, तर तो ते आपणहून लिहून कळवेल का? आणि त्याने कळवलं नाही, तर ९०७ आणि ९५८ यांच्यासारखे सरमिसळ होणारे क्रमांक एकाच वेळी एकाच आकाशात ठेवू नयेत, हे व्यवस्थेला कळणार कसं?

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा: शिक्षाच नसेल तर लोक बेफिकीर होतील. मी शिक्षा नको म्हणत नाही. दारू पिऊन विमानात बसणारा, नोंदींत खाडाखोड करणारा, रीडबॅक ऐकायचं सोडून दुसरंच काही करत बसलेला, यांना शिक्षा झालीच पाहिजे. फरक करायचा तो प्रामाणिक चुकीत आणि बेपर्वाईत, आणि तो करता येतो. अमेरिकेत १९७६ पासून चालू असलेल्या व्यवस्थेत वैमानिक वा नियंत्रक आपली चूक नासाकडे कळवतो. नियमभंग अजाणता झाला असेल आणि दहा दिवसांत कळवला असेल, तर सहसा दंड किंवा परवाना निलंबन होत नाही. अपघात आणि गुन्हे यातून वगळले आहेत. नासाकडे सोपवायचं कारण उघड आहे: परवाना रद्द करण्याचा अधिकार ज्या हातात आहे, त्याच हातात कुणी कबुलीजबाब देत नाही. दहा हजार-अकरा हजारची गोष्ट आपल्याला अशाच कबुल्यांमधून कळली. कोणत्याही पोलीस तपासातून ती कळली नसती.

दुसरा आक्षेप यंत्रांचा. आता आदेश मजकुराच्या रूपात पडद्यावर पाठवता येतात. मग कानांचा प्रश्नच कुठे उरतो? महासागरांवरच्या उड्डाणांत हे सर्रास चालतं आणि त्याचा फायदा निर्विवाद आहे. पण मजकूरही माणूसच वाचतो. ‘अमुक वेळेला चढा’ अशा सशर्त संदेशातला वेळेचा भाग नजरेतून सुटून विमानं आधीच चढू लागल्याच्या घटना घडल्या आहेत. शिवाय रेडिओवर एक गोष्ट फुकट मिळते: इतर विमानंही ऐकत असतात. दुसऱ्याच कुणाच्या तरी रीडबॅकमधली चूक तिसऱ्याच वैमानिकाने ऐकली आणि टोकलं, असं घडतं. मजकुरात ते कान नाहीसे होतात.

यंत्रही चुकीचं बोलू शकतं, हे तर फारच कमी लोकांना ठाऊक असतं. टीकॅसचा एक आवाजी संदेश होता, ‘ॲडजस्ट व्हर्टिकल स्पीड, ॲडजस्ट’. अर्थ होता, चढण्या-उतरण्याचा वेग कमी करा. काही वैमानिकांनी तो वाढवला. शेवटी तो संदेशच बदलला आणि त्या जागी ‘लेव्हल ऑफ, लेव्हल ऑफ’ आला. वैमानिकांना दोष देत बसण्याऐवजी कुणीतरी शब्द बदलले, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि ब्राझील. २९ सप्टेंबर २००६ ला ‘गोल’ नावाच्या विमान कंपनीचं बोइंग ७३७ आणि एक छोटं खासगी जेट ॲमेझॉनच्या जंगलावर ३७,००० फुटांवर धडकले. ७३७ मधले सगळे १५४ जण गेले. खासगी जेटच्या उड्डाण आराखड्यात ३७,००० ही उंची फक्त राजधानी ब्राझिलियापर्यंत होती, पुढे ३६,००० आणि मग ३८,०००. निघताना मिळालेल्या परवानगीत ३७,००० सांगितलं गेलं, कुठपर्यंत ते नाही. वैमानिकांनी समजून घेतलं, शेवटपर्यंत. नियंत्रकाच्या पडद्यावर मात्र ब्राझिलियानंतर आराखड्यानुसार आपोआप ३६,००० उमटलं. जेटचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विमानाची उंची रडारला कळवणारं यंत्र, बंद पडला होता, त्यामुळे खरी उंची पडद्यावर येतच नव्हती. विमान कुठे असायला हवं ते पडदा दाखवत राहिला, आणि पाहणाऱ्याने विमान तिथेच आहे असं धरलं. तोंडी आदेश अर्धवट, आणि यंत्र त्या अर्धवटपणावर पांघरूण घालणारं.

म्हणून यंत्र निवडायचं तर ते गृहीतकं उघडी पाडणारं निवडावं. असं एक आहे. वैमानिकाने उंचीच्या खिडकीत लावलेला आकडा विमानातून थेट खाली पाठवता येतो आणि नियंत्रकाच्या पडद्यावर त्या विमानाच्या खुणेशेजारी दिसतो. सांगितलं दहा हजार आणि पडद्यावर उमटलं अकरा हजार, तर विमान रेषा ओलांडण्याच्या आधीच नियंत्रक विचारू शकतो. युरोपात अनेक ठिकाणी हे वर्षानुवर्षं वापरात आहे. सुबांगला हे असतं तर चोवीसशेच्या जागी चारशेचा आकडा समोर दिसला असता. हवेच्या दाबाची चूक एवढ्याने पकडली जात नाही, हाताने चालवलेल्या विमानाचीही नेहमीच नाही; तरीही मोठी प्रवासी वाहतूक सांभाळणारा कोणताही नियंत्रण कक्ष यापुढे याशिवाय चालू नये असं माझं ठाम मत आहे.

पण पडद्यावर फरक दिसला तरी शेवटी कुणीतरी बटण दाबून विचारायचंच असतं. ते विचारणं सोपं व्हावं यासाठी काही गोष्टी कंपन्यांना आजच करता येतील. कॉकपिटमधल्या दोघांनी वेगवेगळं ऐकलं असेल, किंवा दोघांपैकी एकानेच ऐकलं असेल, तर आपसांत निकाल लावायचा नाही, नियंत्रकालाच विचारायचं, हे लेखी हवं आणि सिम्युलेटरमध्ये त्याचा सराव हवा. कॅप्टनला त्याचे गुण मिळावेत. नियंत्रकाच्या प्रशिक्षणात, तासाला किती विमानं हाताळली याच्या जोडीला, किती चुकीचे रीडबॅक पकडले हेही मोजलं जावं. एका दमात उंची, दिशा, वेग आणि नवी फ्रिक्वेन्सी असं सगळं सांगून टाकणाऱ्याला कुणी कार्यक्षम म्हणू नये. चार आकडे एकत्र दिले की त्यातला एक गळतो, आणि तो पुन्हा विचारण्यात वाचवलेला सगळा वेळ जातो.

माउंट वेदरच्या त्या अपघाताची एक बाजू सांगायची राहिली. सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान त्याच विमानतळाकडे येताना तोच गैरसमज करून खाली आलं होतं आणि त्याच डोंगरावरून थोडक्यात निसटलं होतं. त्या वैमानिकांनी ते लपवलं नाही. आपल्या कंपनीने नुकत्याच सुरू केलेल्या, शिक्षेची भीती नसलेल्या योजनेत त्यांनी ते कळवलं, आणि युनायटेडने आपल्या सगळ्या वैमानिकांना सावध केलं. ट्रान्स वर्ल्डच्या वैमानिकांपर्यंत ते पोहोचण्याचा काही मार्गच तेव्हा नव्हता. नासाची व्यवस्था उभी राहिली ती यातूनच, पण त्याआधी १ डिसेंबर उजाडला होता.